समुद्र घाटाखाली, वळीव आपल्या दारात : बेळगाव-खानापूरकरांचे उन्हाळी प्रश्न

शिमगा सरला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात हवेच्या गप्पा सुरू होतात. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवतो. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आहे, त्याची वही मीच लिहितो, त्यामुळे गावातला प्रत्येक जण आपली शंका माझ्याकडेच आणतो. वीटभट्टीवाले येतात, काजूवाले येतात, सुट्टीत गोव्याला निघालेले पालक येतात. तेच तेच प्रश्न दरवर्षी येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली.

आपल्या जिल्ह्याला समुद्रच नाही. मग समुद्र तापला काय नि थंडावला काय, आपल्याला काय फरक पडतो?

नकाशावर पट्टी ठेवून बघा. बेळगावपासून वेंगुर्ल्याचा किंवा पणजीचा किनारा सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. आपल्याच जिल्ह्यातलं अथणी त्याहून लांब आहे! मधे घाट आहे आणि गाडीला वळणं घ्यावी लागतात म्हणून आपल्याला समुद्र लांबचा वाटतो. वाऱ्याला वळणं नसतात.

राकसकोपचं पाणी, मलप्रभेचं पाणी, हिडकलला साठणारं घटप्रभेचं पाणी, हे सगळं अरबी समुद्रावरून वाफेच्या रूपाने आलेलं आहे. कणकुंबीला उभं राहिलात तर हे डोळ्यांनी दिसतं. तिथे उगम पावलेली मलप्रभा पूर्वेकडे जाते, कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात पोचते. त्याच डोंगररांगेत, भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला उतरते आणि मांडवी होऊन पणजीजवळ पुन्हा अरबी समुद्रात जाते. ढग एकाच समुद्राचे, पण पाणी दोन समुद्रांना वाटलं जातं. असा तालुका आपला आहे, आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

दुपारी अंगाची लाही होते, पण बेळगावला संध्याकाळी गार वारा सुटतो. तो कुठून येतो?

समुद्रावरून. जमीन लवकर तापते, पाणी सावकाश. सकाळी दहा-अकरापर्यंत किनाऱ्यावरची जमीन समुद्रापेक्षा गरम झालेली असते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत शिरते. शाळेच्या पुस्तकात याला खारा वारा म्हटलंय. हा वारा दिवसभरात आत आत सरकतो, तापलेल्या डोंगरउतारावरून वर चढतो आणि उन्हं कलायच्या सुमाराला आपल्या पठारावर येतो. चोर्ला घाटाचा माथा सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. सह्याद्री इथे तुलनेने बुटका आहे, त्यामुळे या वाऱ्याला वर यायला फार अडचण होत नाही.

दुसरं कारण आपली उंची. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. दर किलोमीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे आपल्याला पाचेक अंशांची सवलत जन्मजात मिळालेली आहे. एप्रिलमध्ये बेळगावचा पारा ३५-३६ च्या आसपास असतो तेव्हा अथणी-रायबागकडे तो चाळीसच्या घरात जातो, कारण तिथे उंचीही कमी आणि समुद्रही लांब. तो वारा तिथे पोचेपर्यंत त्यातला ओलावा बहुतेक संपलेला असतो.

मग गोव्यात पारा ३३-३४ असूनही बेळगावपेक्षा जास्त का उकडतं?

घामामुळे. आपल्याकडे घाम वाळतो आणि अंग गार करतो. तिथे हवाच वाफेने भरलेली असते, त्यामुळे घाम वाळत नाही, नुसता वाहतो. म्हणून लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना फक्त अंश बघू नका, आर्द्रताही बघा. ३३ अंशांवर ओल्या हवेत दिवसभर फिरणं आपल्या ३७ पेक्षा जड जातं.

वळीव नेहमी दुपारनंतरच का येतो? आणि एका गावात धो धो, शेजारच्या गावात थेंब नाही, असं का?

हा माझा आवडता प्रश्न आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

वळवाला तीन गोष्टी लागतात : तापलेली जमीन, ओली हवा आणि वर थंड हवा. मार्च ते मे आपल्या पठारावर दोन वारे समोरासमोर येतात. पश्चिमेकडून समुद्राचा ओला वारा, आणि पूर्वेकडून किंवा उत्तरेकडून अथणी-विजापूरच्या बाजूचा कोरडा, तापलेला वारा. ही दोन्ही हवा जिथे एकमेकींना भिडते तिथे ओली हवा वर ढकलली जाते. जमीन दुपारी दोन-तीन वाजता सर्वांत जास्त तापलेली असते, म्हणून ढग तेव्हाच उभे राहतात आणि चार ते सातच्या दरम्यान फुटतात. फुलकोबीसारखा दिसणारा ढग तासाभरात दहा-बारा किलोमीटर उंच होतो. त्याचा वरचा भाग लोहाराच्या ऐरणीसारखा पसरला, की वाळवण उचला.

हा ढग रुंदीला मात्र पाच-दहा किलोमीटरच असतो. म्हणून नंदगडला रस्त्यावरून पाणी वाहतं आणि खानापुरात धूळ उडत असते. मृगाच्या ढगासारखा तो सगळ्या मुलखावर पसरत नाही. वर गेलेले थेंब गोठतात, पुन्हा खाली येतात, पुन्हा वर फेकले जातात आणि प्रत्येक फेरीत त्यांच्यावर बर्फाचा थर चढतो. अशी गार तयार होते. एखादी मोठी गार चिरून बघा, कांद्यासारखे थर दिसतात. वितळायच्या आत बघायला हवं, आमची पोरं त्यासाठी वर्गातून पळत सुटतात.

आता समुद्राचा भाग. समुद्र जितका गरम, तितकी त्यावरची हवा जास्त वाफ उचलते. हवा एक अंशाने तापली तर ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते. ही जादा वाफ आपल्याकडे पोचली तर वळवाच्या ढगाला जादा इंधन मिळतं. म्हणून पाऊस येतो तेव्हा तो अंगावर कोसळतो. सगळ्या वर्षांत असं होतंच असं नाही, वारा फिरला तर वाफ दुसरीकडे जाते. पण ढगाची ताकद कुठून येते ते लक्षात ठेवा.

वीटभट्टीवाल्यांचं दुःख मी जवळून पाहिलंय. माझ्या नात्यातल्या एकाने अख्खा एप्रिल राबून थापलेल्या कच्च्या विटा एका संध्याकाळी वीस मिनिटांच्या पावसात चिखल झाल्या. ताडपत्री होती, पण घरात. तेव्हापासून ताडपत्री थप्पीवरच बांधून ठेवलेली असते, ऊन असो नसो.

विजेपासून कसं जपायचं?

वीज दिसल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तेवढ्या अंतरावरून ती तुमच्यावर पडू शकते. लगेच पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. काजूच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली आडोसा घ्यायची आपल्याकडची सवय जीवघेणी आहे, हे मी प्रत्येक सभेत सांगतो आणि सांगत राहणार. उघड्या माळावर सापडलात तर पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका. जनावरं झाडाला बांधलेली असतील तर ढग भरून यायच्या आधीच सोडा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ हे अ‍ॅप मोबाईलवर ठेवा, आसपास वीज पडायची शक्यता असेल तर ते कळवतं.

समुद्राचं पाणी उन्हाळ्यात किती तापतं?

गोवा-कारवारच्या किनाऱ्यावर जानेवारीत पाणी २७-२८ अंशांच्या आसपास असतं. एप्रिल-मेमध्ये ते ३० च्या वर जातं. मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्या अक्षांशावर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या पायाशीच मावते. आकाश मोकळं, वारा पडलेला, त्यामुळे वरचं पाणी ढवळलं जात नाही आणि तापत राहतं. केरळ-लक्षद्वीपच्या बाजूला तर मान्सूनच्या तोंडावर जगातल्या सर्वांत गरम समुद्री पाण्यांपैकी एक पट्टा तयार होतो.

गंमत म्हणजे ऑगस्टमध्ये हेच पाणी पुन्हा २७-२८ वर उतरतं. आपल्याकडे नदी-विहिरीचं पाणी थंडीच्या दिवसांत गार असतं, समुद्राचं तसं नाही. मान्सूनचा जोरदार वारा पाणी घुसळतो, ढग ऊन अडवतात, आणि केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत खालचं गार पाणी वर येतं.

समुद्र खरोखर तापतोय, की ही नुसती चर्चा आहे?

तापतोय. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान सरासरी एक अंशाने वाढलं. त्याच काळात जगभरच्या समुद्रांची सरासरी वाढ ०.७ अंश होती. म्हणजे आपला समुद्र इतरांपेक्षा वेगाने तापलाय.

‘एक अंश म्हणजे काय मोठंसं!’ असं पालक म्हणतात. चहाच्या कपाचा एक अंश आणि समुद्राचा एक अंश यात फरक आहे. डोक्यावरच्या सगळ्या वातावरणात जितकी उष्णता मावते, तितकी समुद्राच्या वरच्या तीन-साडेतीन मीटर पाण्यातच मावते. माणसाने हवेत सोडलेल्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकते, तिच्यातली नव्वद टक्के समुद्राने पोटात घेतली आहे. २०२४ मध्ये लक्षद्वीपची प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली, त्याचं कारण हेच लांबलेलं गरम पाणी.

पूर्वी चक्रीवादळं ओडिशा-आंध्रकडे व्हायची. आता आपल्या बाजूला का होतात?

पूर्वीही व्हायची, पण कमी. चक्रीवादळाला साधारण साडेसव्वीस अंशांहून गरम पाणी लागतं, आणि तेही नुसतं वरवर नाही तर बऱ्याच खोलीपर्यंत. अरबी समुद्र आता ती अट आधीपेक्षा सहज पुरी करतो. ‘दामिनी’ काढणाऱ्या पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ चा हिशेब मांडला. २००० नंतरच्या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना दिसलं. एकट्या २०१९ साली पाच वादळं झाली : वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन.

ही वादळं मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये होतात. भर जुलै-ऑगस्टमध्ये सहसा होत नाहीत, कारण मान्सूनमध्ये खालचे आणि वरचे वारे उलट दिशांनी वाहतात आणि वादळाचा खांब उभाच राहत नाही.

तौक्ते आठवतं? मे २०२१. लक्षद्वीपजवळ तयार झालं, १६ मेला गोव्याच्या बाहेरून उत्तरेकडे सरकलं, १७ च्या रात्री गुजरातवर आदळलं. गोव्यात झाडं आणि विजेचे खांब कोसळले. असं वादळ किनाऱ्यालगत सरकतं तेव्हा आपल्या घाटमाथ्यावरही वारा उचल खातो. पत्र्यांवर ठेवलेले दगड पुरत नाहीत, पत्रे तारेने आवळावे लागतात.

बिपरजॉयची गोष्ट वेगळी. ते जून २०२३ च्या पहिल्या आठवड्यात तयार झालं आणि जवळपास दहा दिवस समुद्रातच रेंगाळलं. मान्सून केरळात १ जूनऐवजी ८ जूनला पोचला आणि पुढेही त्याला जोर नव्हता. जून कोरडा गेला. आकाशात ढग, वारा, सगळं होतं, पाऊस नव्हता. शाळेच्या वहीतलं ते पान मी अजून मुलांना दाखवतो. २०२५ मध्ये बरोबर उलट झालं : मान्सून २४ मेलाच केरळात, त्याच दिवशी एक कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान जमिनीवर चढलं, आणि २६ मेला पाऊस मुंबईत! आमच्याकडे कित्येकांची गवताची गंजी शाकारायची राहिली होती.

सुट्टीत गोवा, मालवण, शिरोडा. मे महिन्यात समुद्रात उतरावं का?

मेच्या सुरुवातीला, सकाळच्या वेळी, जीवरक्षक जिथे असतील तिथे उतरा. दुपारनंतर खारा वारा वाढतो आणि पाणी उसळायला लागतं, म्हणून सकाळ बरी. लाल बावटा असेल तर पायसुद्धा भिजवू नका. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधला भाग पोहण्यासाठी असतो. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून मी कुणालाच उतरा म्हणत नाही.

आपल्याकडची बरीच माणसं विहिरीत नाहीतर मलप्रभेत पोहायला शिकलेली असतात आणि त्यांना वाटतं आपल्याला पोहता येतं. विहिरीचं पाणी ओढत नाही, समुद्राचं ओढतं. किनाऱ्यावर आलेल्या लाटांचं पाणी परत जायला एखादी वाट धरतं, तिथे लाटा कमी फुटतात, पाणी गढूळ आणि शांत दिसतं. नवखा माणूस नेमका तिथेच शिरतो. माझा मावसभाऊ असाच ओढला गेला होता. तो सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहिला आणि दमला. एका कोळ्याने ओरडून सांगितलं, ‘आडवा पोव, आडवा!’ तो किनाऱ्याला समांतर पोहला, ओढीतून सुटला आणि मग लाटांबरोबर बाहेर आला. वाचला. हे दोन शब्द मुलांना घरूनच पाठ करून न्या.

अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, अष्टमीच्या सुमाराला भांगेची, म्हणजे कमी. नदीच्या मुखाशी कधीच पोहू नका. आकाश निरभ्र, वारा नाही आणि तरी अचानक मोठ्या लाटा, असंही एप्रिल-मेमध्ये होतं. हजारो किलोमीटर दक्षिणेला हिंदी महासागरात झालेल्या वादळाच्या त्या लाटा असतात. केरळी कोळी याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था याचा आधी इशारा देते. जेलीफिश चावला तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि दवाखान्यात दाखवा.

बेळगावच्या बाजारात कधी तारले मासे ढिगाने, कधी औषधालाही नाहीत. हेही हवामानामुळे?

बऱ्याच अंशी. जून-जुलैमध्ये पश्चिम किनाऱ्यावर ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा भाव चढणारच. पण तारल्यांचं नशीब पाण्याच्या तापमानाला बांधलेलं आहे. पावसाळ्यात तळचं गार पाणी वर येतं, त्याबरोबर खत येतं, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, वाढतात आणि प्लवकांवर तारले पोसतात. वरचं पाणी फार गरम राहिलं की हे चक्र बिघडतं. केरळात २०१२ साली जवळजवळ चार लाख टन तारले मिळाले होते, २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांपेक्षा कमी. पुढे ते पुन्हा वाढले. बांगड्याने त्या काळात आपली चूल राखली.

मराठी वाहिन्यांवर कोल्हापूरला इशारा असतो, बेळगावचं नावच नसतं. आम्ही कुठला अंदाज पाहायचा?

आपली ही अडचण खरी आहे. घरात मराठी बातम्या लागतात, त्यात महाराष्ट्राचा नकाशा असतो आणि तो चंदगडला संपतो. हवामान खात्याच्या हिशेबात बेळगाव जिल्हा ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ या विभागात येतो आणि त्याचा अंदाज बंगळूरहून निघतो. कन्नड बातम्यांत त्याला ‘उत्तर ओळनाडू’ म्हणतात, किनाऱ्याला ‘करावळी’ आणि पावसाला ‘मळे’. एवढे शब्द कानांना ओळखीचे करून घ्या. खात्याचं ‘मौसम’ अ‍ॅपही आहे.

जांबोटी, कणकुंबी, लोंढा या पट्ट्यातल्या लोकांनी मात्र ‘कोकण-गोवा’चा इशाराही पाहावा. कागदावर आपण अंतर्गत भागात आहोत, पण घाटमाथ्याचा पाऊस गोव्याच्या पावसाशी जास्त जुळतो. अथणीत वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर, बेळगावात तेराशेच्या आसपास आणि आपल्या घाटमाथ्यावर त्याहून कितीतरी जास्त. एका रंगाच्या इशाऱ्यात हे सगळं कसं बसणार? निपाणीकरांनी कोल्हापूरचा अंदाज जरूर पाहावा.

वळीव चांगला झाला तर धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत भाताची पेरणी, लवकर करावी का?

वळवाने जमीन मऊ होते, नांगरट होते, ते करून घ्या. पण वळीव म्हणजे मान्सून नव्हे. वळवात पाऊस संध्याकाळी विजांसह येतो आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडतं. मान्सून आला की पश्चिमेचा वारा रात्रंदिवस टिकतो, ढग खालून वाहतात, गडगडाट कमी होतो. आपल्याकडे धूळवाफ रोहिणीत, मेच्या शेवटी करतात आणि ते आजही बरोबर बसतं. मात्र अरबी समुद्रात वादळ तयार होत असल्याची बातमी असेल तर आठवडाभर बियाणं घरातच राहू दे. ते कुठे वळतंय यावर पुढचा पंधरवडा ठरतो. वादळ उत्तरेला निघून गेलं आणि मागे खंड पडला तर कोरड्या मातीतलं भात किडा-मुंग्या आणि पाखरं खातात. दुबार पेरणीचं बियाणं दुकानात उधारीवर घ्यावं लागतं.

मुलांना हे घरी करून दाखवता येईल का?

येईल, आणि जरूर दाखवा. सारख्या आकाराच्या दोन ताटल्या घ्या. एकीत वाळू, दुसरीत पाणी. सकाळी नऊला दोन्ही उन्हात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने बोट लावून बघा, थर्मामीटर असेल तर उत्तम. बारापर्यंत वाळूला हात लावता येत नाही, पाणी नुसतं कोमट असतं. मग दोन्ही ताटल्या जवळजवळ ठेवून त्यांना तिन्ही बाजूंनी पुठ्ठ्याचा आडोसा करा आणि मधोमध पेटती उदबत्ती धरा. वारा पडलेला असेल तर धूर पाण्याकडून वाळूकडे कलतो. आमच्या सहावीच्या वर्गात हे पहिल्यांदा केलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘सर, म्हणजे वाळू खानापूर आणि पाणी गोवा?’ संध्याकाळी सहाला परत बोट लावायला विसरू नका. तेव्हा वाळू गार झालेली असते आणि पाणी अजून कोमट.